खळ्याएवढं गवत

मोहबोडी, ता. सिंदेवाही
१४ जून २००३

अहो,

इकडे सगळं खुशाल आहे, फक्त नावाचा खुशाल तेवढा इथं नाही. तुमची एसटी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी हात हलवतच होते. शेवटी बापूजी म्हणाले, "चाल व बाई, गाडी गेली." बोलताना त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. घरी आल्याबरोबर त्यांनी ट्रॅक्टर पुसायला घेतला. तुम्ही गेलात की तुमचे वडील ट्रॅक्टर पुसतात, हे एव्हाना मला ठाऊक झालं आहे.

गाडीत पाय ठेवताना तुम्ही जे बोललात ते मी पदराला गाठ मारून ठेवलं आहे. "चराईवर गवत उभं करून दाखव, मी तो कागद घेतच नाई. दिवाळीले घरी येतो." तुम्ही हसत म्हणालात, पण मी ते हसण्यावारी नेणार नाही. आश्रमशाळा तुम्हाला दिवाळीआधी कायम करणार आणि त्यासाठी आणखी पाच वर्षं भामरागड सोडणार नाही असं लिहून घेणार, हे ऐकल्यापासून मी दिवाळीपर्यंतचे दिवस मोजते आहे. लग्नानंतरचा एकही श्रावण आपण एकत्र पाहिलेला नाही. तुम्ही पुरापलीकडे आणि मी इथं, असं अजून पाच वर्षं चालायचं असेल तर मला आताच सांगा, म्हणजे मी वाट बघणं तरी कमी करीन.

गायी वाढवायच्या, दूध सिंदेवाहीला घालायचं, तुम्ही घरी राहायचं, हे आपण खाटेवर पडून किती वेळा रंगवलं. सगळं त्या चराईवर अडलं आहे. गावानं गुरं चारायची ती जागा आमच्या दूध गटाच्या हाती दिली खरी, पण तिथं गवत आहे कुठं? वरच्या अंगाला वाघोबाच्या मोहाच्या झाडापासून खाली बोडीच्या तळ्यापर्यंत नुसता तरोटा आणि गाजरगवत. गेल्या साली आम्ही बायांनी कंबर मोडेपर्यंत उपटलं, तर पोळ्यापर्यंत पुन्हा दुप्पट उभं. गायी त्याला तोंड लावत नाहीत. सकाळी जातात तशाच पोटानं संध्याकाळी परत येतात.

म्हणून आम्ही तण मारायचं औषध फवारायला ट्रॅक्टरमागे लावायचा पंप घ्यायचं ठरवलं आहे. माझा भाऊ प्रफुल वरोऱ्याला बाजारात चौकशी करून आला. दुकानदार चार तऱ्हेचे पंप दाखवतो आणि चारही उत्तम म्हणतो. तुम्ही कोरपन्याकडे कपाशीवाल्यांकडे दोन हंगाम असा पंप चालवला आहे. तुमच्या शाळेतल्या पोरांना समजावता तसं मला समजावून लिहा. चराईवर गवत मी उभं करणार आहे.

तुमची
पुनम


भामरागड
२३ जून २००३

प्रिय पुनम,

तुझं पत्र मी नदीवर नेऊन वाचलं. इथं तीन नद्या भेटतात ते तुला सांगितलं आहे. या दिवसांत तिघींचं पाणी तीन रंगांचं असतं आणि बराच वेळ ते एकमेकांत मिसळत नाही, नुसतं शेजारून वाहत राहतं. मी बघत बसलो आणि मला एकदम आपली चराई दिसली. मी लहान असतानाची. तेव्हा तिथं पवन्या गवत एवढं वाढायचं की बसलेली गाय दिसायची नाही, तिच्या गळ्यातली लाकडी घंटा तेवढी ऐकू यायची. वारा आला की सगळी चराई एका बाजूला कलायची आणि परत उभी राहायची. त्यात शिरलं की गावातला आवाज येत नसे.

खरं सांगतो, गाडीत चढताना मी गमतीतच बोललो. रिकाम्या हातानं घरी यायची मला भीती वाटते, म्हणून अशी अट घातली जी पुरी होणार नाही. तू ती पुरी करायला निघाली आहेस. आता मलाच रोज झोपेत ते गवत दिसतं, आणि सकाळी उठल्यावर पायाला दव लागलंय असं वाटतं.

आता पंपाचं. बापूजींचा ट्रॅक्टर लहान आहे, म्हणून मोठ्या टाकीच्या मोहात पडू नका. फार मोठी टाकी मागे लटकवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि बांधावर चढताना गाडी डोकं वर करते. मध्यम टाकी घ्या, जी ट्रॅक्टरच्या मागच्या तीन हातांवर बसते आणि मागच्या फिरत्या दांड्यावर जिचा पंप चालतो. लांब पाइपाची बंदूक असलेला पंप घेऊ नका, तो संत्र्याच्या बागेला ठीक. आपल्याला आडवा दांडा हवा, दोन्ही बाजूंना पंखासारखा उघडणारा, त्यावर सारख्या अंतरावर नोझल.

सगळा जीव त्या नोझलात आहे. वरोरा कपाशीचा मुलूख, दुकानदार हमखास धुकं करणारा नोझल हातात देईल. कपाशीवरच्या किडीला ते धुकं बरं, पानाखाली शिरतं. आपल्याला धुकं नको. चपट्या पंख्यासारखा फवारा पडणारा नोझल माग, ज्याचा थेंब जाड असतो. धुकं वाऱ्यावर उडतं, आणि खाली बोडीत ढिवरांची मासळी आहे, बांधांवर लोकांची तूर आहे. हे औषध रुंद पानाचं तण मारतं, गवताला सहसा धक्का लावत नाही, म्हणून तर हा बेत जमतो. पण ते तूर ओळखत नाही. कोरपन्याला एका मालकानं औषधाची टाकी न धुता तीच कपाशीवर नेली, तर सगळ्या शेताची पानं आखडून बोटांसारखी झाली. तेव्हा ही टाकी चराईचीच ठेवा, दुसऱ्या कामाला लावू नका.

रस्ता केव्हाही बंद होईल. फोन तर आताच मुका झाला आहे. पत्रं उशिरा आली तर रागावू नकोस.

तुझा
खुशाल


मोहबोडी
९ जुलै २००३

अहो,

पंप आला. प्रफुल आणि मी वरोऱ्याला जाऊन आणला. दुकानदार आधी माझ्याकडे बघेचना, सगळं प्रफुललाच सांगत होता. आणि प्रफुलला तर सायकलला हवा भरायचा पंप तेवढा कळतो. मग मी विचारलं की यात पंख्याचा फवारा कोणता आणि धुक्याचा कोणता. तेव्हा त्यानं मला बसायला स्टूल दिलं. धुक्याचाच नोझल बसवलेला होता, तो मी बदलून घेतला. तुमचं पत्र पिशवीत होतं, पण काढावं लागलं नाही. मला ते पाठ झालं आहे.

घरी आणल्यावर अंगणात नुसत्या पाण्यावर चालवून पाहिला. दांडा उघडला तर अंगणाला पुरून उरला आणि एक टोक तुळशीपाशी गेलं. सगळे नोझल सारखं पाणी देतात की नाही ते कसं बघायचं, तर आम्ही बायांनी आपापल्या घरचे लोटे आणि गंज आणून प्रत्येक नोझलखाली एकेक ठेवला. बापूजींनी गाडी सुरू केली. ते पाणी पडायला लागलं आणि सगळ्या भांड्यांतून वेगवेगळा आवाज निघाला. आम्ही सगळ्या गप्प उभ्या राहून ऐकत होतो. एक गंज अर्धाच भरला. बापूजी लगेच बाभळीचा काटा घेऊन त्या नोझलात खुपसायला निघाले, मी त्यांच्या हातातून काटा घेतला. भोक मोठं झालं असतं तर तिथं कायमचं जास्त पडलं असतं. मी तो नोझल काढून दात घासायच्या जुन्या ब्रशनं धुतला. बोडीचं पाणी गढूळ आहे, म्हणून टाकीच्या तोंडाला आता लुगड्याचं फडकं बांधलं आहे.

रुखमाबाई आली होती. बोडीतली मासळी तिच्याच घरची. तिचं म्हणणं असं की तरोटा मारा, पण सगळा मारू नका. कोवळा पाला तिच्या सुना खुडतात, या दिवसांत घरात दुसरी भाजी नसते. आपणही खातोच की. म्हणून बोडीच्या काठानं एक रुंद पट्टा सोडायचं ठरलं. तिकडे पंप जायचाच नाही. मासळीही वाचेल आणि भाजीही. बाकी ठिकाणचा पाला कुणी खुडू नये आणि गुरं सोडू नयेत म्हणून कोतवाल दवंडी देणार आहे.

एकच अडचण आहे. ट्रॅक्टरच्या सीटवर बापूजी दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत, आणि ते गाडी बैलासारखी हाकतात. चढ आला की तिला धीर देतात, समोर कुणी दिसलं की थांबून विचारपूस करतात. तर गाडी किती जोरात न्यायची, ते सांगा. तुमच्या पत्राची वाट बघते. पंपाच्या पत्राचीही आणि दुसऱ्याही.

पुनम


भामरागड
१८ जुलै २००३

प्रिय पुनम,

तुझं पत्र डोंग्यातून आलं. पूल तीनदा पाण्याखाली गेला. आश्रमशाळेभोवती सगळीकडे पाणी आहे, वसतिगृहातली माडिया पोरं ओसरीवर बसून गाणी म्हणतात आणि मी त्यांच्या मागे बसून तुमच्या लोट्यागंजांचा आवाज ऐकतो. ते पाणी कसं वाजलं असेल याचा मी दोन दिवस विचार केला. इतकी छान गोष्ट इथं कुणाला सांगावी तर कुणाला कळत नाही.

गाडीचं ऐक. वेगापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. खालच्या गिअरमध्ये, माणूस भराभर चालेल तेवढ्यानं, आणि पूर्ण फेरी एकाच चालीनं. गाडी हळू झाली की तिथं औषध जास्त पडतं. दांडा तणाच्या शेंड्यापासून हातभर वर ठेवा. सकाळी वारा पडलेला असताना सुरू करा. बापूजींच्या तोंडाला फडकं बांधा, त्यांना आवडणार नाही तरी बांधा.

आणि एक गोष्ट त्यांना दहा वेळा सांग. मध्ये कुठं थांबायचं झालं तर आधी फवाऱ्याचा कॉक बंद करायचा, मग गाडी थांबवायची. गाडी नुसती न्यूट्रलमध्ये टाकली तर चाकं थांबतात, पण मागचा दांडा फिरतच असतो आणि औषध एकाच जागी पडत राहतं. बापूजी माणूस दिसला की थांबतात हे तूच लिहिलं आहेस, म्हणून हे लिहितो.

पाणी ओसरलं की हे पत्र निघेल. माझं मन मात्र आधीच निघालं आहे.

खुशाल


मोहबोडी
३ ऑगस्ट २००३

अहो,

तुमचं पत्र आलं नाही. किती दिवस वाट बघणार? तरोटा फुलावर आला असता तर औषधाला दाद दिली नसती. धानाचा रोवणा आटोपला, चांगली उघाड पडली, म्हणून आम्ही सुरुवात केली.

तुम्ही हवे होतात. सकाळी चराईवर धुकं होतं. बापूजींनी दांडा उघडला आणि गाडी धुक्यात शिरली, तेव्हा ट्रॅक्टर दिसतच नव्हता. नुसते दोन पांढरे पंख जमिनीपासून हातभर उंचीवरून सरकत चालले होते. आम्ही बोडीच्या कडेला लाल चिंध्या बांधलेल्या काड्या रोवून उभ्या होतो, पट्ट्यात गाडी येऊ नये म्हणून. रुखमाबाई म्हणाली, "मले तं हे सपनावानी वाटून राह्यलं." मलाही तसंच वाटत होतं. त्या धुक्यात तुम्ही कुठंतरी आहात आणि आता बाहेर याल, असं वाटून मी बघत राहिले. बाहेर आले ते बापूजी. तोंडाला फडकं, डोक्यावर टोपी, आणि चेहऱ्यावर नवरदेवाचा रुबाब.

गाडी त्यांनी छान चालवली. वाटेत कुणाशी बोलले नाहीत, मी आधीच ताकीद दिली होती. फक्त वरच्या अंगाला गेले की वाघोबापाशी थांबून हात जोडत, प्रत्येक फेरीला. ती कडा आमच्यापासून लांब, मला डोकं खाली वाकलेलं तेवढं दिसे. देवासमोरून न थांबता जा, असं मी त्यांना कशी सांगणार?

अर्धी चराई झाली आणि आभाळ भरून आलं. उरलेली पुढच्या उघाडीला. तरोट्याचे शेंडे आताच पिळवटायला लागले आहेत.

पुनम


मोहबोडी
३० ऑगस्ट २००३

अहो,

खूप काही झालं आहे. हे पत्र तुम्हाला कधी मिळेल ते देव जाणे.

फवारणीनंतर दोन आठवड्यांनी वाघोबाच्या दगडाभोवतीचं सगळं जळालं. तण तर जळालंच, गवतसुद्धा पिवळं पडलं. खळ्याएवढा गोल, मध्ये शेंदूर लावलेला दगड, आणि भोवती काही हिरवं नाही. बाकीच्या अर्ध्या चराईत फक्त तण वाळलेलं. गावाला काय वाटायचं ते वाटलं. वाघोबाची पूजा करणारे श्रावणभाऊ आले, बघून गेले, आणि म्हणाले, "वाघोबाले यंत्र पसंत नाई." झालं. उरलेली अर्धी चराई तशीच राहिली. बापूजींनी सीटवर बसणं सोडलं. जेवायला बसायचे आणि उठून जायचे. इतकी वर्षं रानात गेलो, कधी वाघाचं तोंड दिसलं नाही, आता माझ्याच हातून देव कोपला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी तुमचं जुलैचं पत्र आलं. कॉकचं वाचलं आणि मी ओट्यावर बसूनच राहिले. बापूजी देवापाशी गाडी न्यूट्रलमध्ये टाकत, टोपी काढून हात जोडत, आणि मागून औषध पडतच होतं. प्रत्येक फेरीला त्याच जागी.

गावाला सांगावं तर बापूजींचं हसं होणार, न सांगावं तर ते झुरणार. शेवटी मी फक्त त्यांना सांगितलं, तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी कॉकचं तेवढं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे देव रागावला नाई? मीच त्याले पाजून राह्यलो होतो?" आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. त्या रात्री त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या तोरणाखाली सगळं गाव बैल घेऊन उभं असताना त्यांनी स्वतःच ते सांगून टाकलं. मी नको नको म्हणत होते. गाव हसलं, श्रावणभाऊही हसले. पण ते म्हणाले की झालं ते झालं, यंदा आता यंत्र नको, देवाच्या जागेवर पुन्हा हिरवं येऊ द्या, मग बघू. तोवर तरोटा फुलावर आला. म्हणजे यंदाचं संपलं. अर्धी चराई तणानं भरलेली आणि अर्धी उघडी. उघड्या जागेत काही उगवेल म्हणावं तर गवताचं बियाणंच उरलेलं नाही.

आता मी तुम्हाला काय दाखवणार?

पुनम


मोहबोडी
२० सप्टेंबर २००३

अहो,

मागच्या पत्राचं उत्तर नाही, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वाघोबापाशी गवत आलं आहे. पवन्याच, तुम्ही लिहिलं होतं तो. गुडघ्याला लागतो. देवाच्या भोवती कुणी विळा लावत नाही, गुरं नेत नाही, म्हणून जुनी मुळं तिथं जिवंत राहिली असणार असं बापूजी म्हणतात. सकाळी मी गेले तेव्हा वारा होता. सगळं गवत एका बाजूला कललं आणि परत उभं राहिलं. मी आत जाऊन आडवी झाले. डोक्याच्या वर तुरे, त्यांच्या वर आभाळ. गावातला आवाज खरंच येत नाही. आपली कपिली गाय मला शोधत आली, आणि मला तिची घंटा तेवढी ऐकू आली.

तुमची आठवण आली हे वेगळं लिहायला नको.

पुनम


भामरागड
४ ऑक्टोबर २००३

प्रिय पुनम,

पूर ओसरला. टपालाची थैली डोंग्यातून येताना पाण्यात पडली होती. तुझं एक पत्र सगळं भिजून निळा डाग झालं आहे, वरची तारीख तेवढी दिसते, ऑगस्टातली. पण आधीचं धुक्यातल्या पंखांचं मिळालं, आणि परवा गवताचं मिळालं. ती दोन्ही मी उशाशी ठेवली आहेत.

पुनम, तू करून दाखवलंस. एका पावसात सगळी चराई गुडघ्याएवढी. मी डोळे मिटले की मोहाच्या झाडापासून बोडीपर्यंत ते गवत कलतं आणि उभं राहतं. त्यात दहा गायी असाव्यात आणि एकही दिसू नये. काल वर्गात पोरांना मी फळ्यावर गवत काढून दाखवलं, नुसत्या उभ्या रेघा, फळा भरून. पोरं हसली.

आज सकाळी मुख्याध्यापकांनी कायम होण्याचा कागद पुढे ठेवला. मी सही न करता परत दिला. ते म्हणाले, दिवाळीच्या सुटीपर्यंत विचार करा, कागद माझ्याकडेच आहे. मी म्हणालो, घरी गवत आलं आहे. त्यांना वाटलं मला ताप आहे.

दिवाळीला येतो. परत न जाण्यासाठी येतो.

तुझा खुशाल


मोहबोडी
१२ ऑक्टोबर २००३

अहो,

तुमचं पत्र वाचून मी आधी नाचले आणि मग रडले.

भिजलेलं पत्र तेच होतं ज्यात सगळं होतं. गवत सगळ्या चराईवर नाही. वाघोबाच्या दगडाभोवती आहे, आपल्या खळ्याएवढं, त्याच्यापेक्षा बोटभरही जास्त नाही. बापूजी देवाला हात जोडायला थांबायचे आणि कॉक चालू राहायचा, त्यानं तिथलं सगळं जळालं. गावानं यंत्र थांबवलं. अर्धी चराई तशीच तणाची, उरलेली उघडी. गवत परत आलं ते फक्त त्या गोलात. मी "वाघोबापाशी" असंच लिहिलं होतं. तुम्ही डोळे मिटून वाचलंत.

मला तुम्ही घरी हवे आहात. याहून जास्त मला काही नको आहे, हे मी इथं उघड लिहिते, प्रफुलनं किंवा आणखी कुणी वाचलं तरी वाचू दे. पण चुकून समजलेल्या गोष्टीवर तुम्ही नोकरी सोडून आलात आणि चराईच्या कडेला उभे राहून तुमचं तोंड उतरलं, तर ते तोंड मला जन्मभर दिसेल. मुख्याध्यापकांकडे जा. तो कागद परत मागा. सही करा. मी वाट बघीन. बघायची सवय आहे.

बापूजींना हे सांगितलं नाही. ते तुमच्यासाठी ट्रॅक्टर पुसत आहेत.

पुनम


भामरागड
१९ ऑक्टोबर २००३

प्रिय पुनम,

पत्र मिळालं. मी लगेच मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी कागद काढून दिला, पेनही दिलं. मी खुर्चीवर बसलो आणि आपलं खळं डोळ्यांसमोर आणलं. खरं सांगतो, या वेळी डोळे उघडे ठेवून आणलं.

तुझ्या हाताखालून किती बांध्या धान रोवून निघालं असेल? त्याचं पऱ्हं केवढं असतं? खळ्याएवढंच ना. तेवढ्या जागेतली रोपं काढून तुम्ही बाया सगळं शेत रोवता. तू रोवणारी बाई, आणि खळ्याएवढं गवत बघून घाबरलीस?

ते वाघोबाचं पऱ्हं आहे. बापूजींना नारळ घेऊन श्रावणभाऊंकडे पाठव. देवाजवळचं थोडं थोडं मागून घेऊ, मुळासकट, सगळं नाही. उघडी पडलेली जागा तयारच आहे. पुढच्या आषाढात धानाचा रोवणा झाला की चराईवर गवताचा रोवणा. तुम्ही ओळीनं वाकलेल्या, मागे पाणी साचलेलं, आणि तुमच्या हातातून गवत उतरतंय, हे मला कालपासून दिसतं आहे. एका सालात होणार नाही, दोन-तीन सालं लागतील. ती मी तिथं मोजीन, इथं नाही.

कागदावर सही केली नाही. पेन परत दिलं. मुख्याध्यापकांनी या वेळी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

दिवाळीच्या गायगोधनाच्या आत पोचतो. तोवर त्या गोलातलं गवत कुणाला कापू देऊ नकोस. मला त्यात एकदा तुझ्याशेजारी आडवं पडून वर बघायचं आहे.

उरलेल्या अर्ध्या चराईला पुढच्या साली पुन्हा पंप लागेल. गाडी बापूजीच चालवतील. वाघोबापाशी थांबतील, टोपी काढतील, हात जोडतील. त्यांना कुणी अडवू नका. मी मागून चालत येईन आणि कॉक बंद करीन.

खुशाल